कोल्हापुरात दोन दिवस खायचं कुठं? सोबत माळकरी भाऊ असेल तर जास्तच विचार करून

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'इथलं चांगलं हॉटेल कुठलं?' असं विचारू नका. विचारलंत की तुम्ही पाहुणे आहात हे त्याला लगेच कळतं आणि तो तुम्हाला पाहुण्यांच्या हॉटेलात नेऊन सोडतो. तिथं जेवण वाईटच असतं असं नाही, पण आजूबाजूच्या टेबलांवर सगळे पुण्या-मुंबईचेच दिसतात. कोल्हापूरकराच्या डोक्यात 'चांगलं हॉटेल' असा कप्पाच नसतो. मिसळीचं ठिकाण वेगळं, मटणाचं वेगळं, भेळेचं वेगळं, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली. सकाळी अकराला मटण आणि रात्री नऊला मिसळ शोधणारा माणूस उपाशी तरी राहतो, नाहीतर कुठंतरी पनीर टिक्का खाऊन परत जातो. म्हणून आधी पदार्थ ठरवायचा, मग वेळ, आणि दुकानाचं नाव सगळ्यात शेवटी.

माझं माहेर इचलकरंजी, कॉलेज शिवाजी विद्यापीठात, संसार पुण्यात. धाकटा भाऊ डोंबिवलीला. वर्षातून एखादा शनिवार-रविवार आम्ही दोघं पोरंबाळं घरी ठेवून कोल्हापुरात भेटतो. घरच्यांना वाटतं अंबाबाईच्या दर्शनाला जातो. जातोही. पण खरं कारण खाणं. त्यात अडचण अशी की मधे कधीतरी त्यानं तुळशीची माळ घातली. मला मटण नाही मिळालं तर कोल्हापूरला आल्यासारखं वाटत नाही, आणि तो मटणाच्या पळीनं वाढलेली आमटीसुद्धा खात नाही. त्यामुळं खाली जे लिहिते आहे ते एकट्या मटणवाल्यासाठी किंवा एकट्या शाकाहाऱ्यासाठी नाही. एकाच गाडीतून फिरणाऱ्या, एकाच खोलीत राहणाऱ्या अशा दोघांसाठी आहे.

आधी कालनिर्णय

तिकीट काढायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. शनिवार-रविवारात एकादशी येते का? आली तर माळकऱ्याचा एक दिवस साबुदाण्यात गेला. श्रावण असेल तर निम्मं गावच मटण सोडून बसलेलं असतं, काही खानावळी तेवढ्यात रंगकाम काढतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवसांत खाण्यासाठी म्हणून येऊ नका, दर्शनासाठी या.

आठवड्याचंही गणित आहे. आमच्याकडं मटणाचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार आणि बऱ्याच घरांत शनिवारही पाळतात. म्हणजे शनिवारी मटणाच्या हॉटेलात जी गर्दी दिसते तिच्यात गावातली माणसं कमी, बाहेरची जास्त. रविवारी ते उलटं होतं. खाटकाकडं सकाळी रांग, घरोघरी कुकरच्या शिट्ट्या, आणि खानावळवाल्याला ठाऊक असतं की आज समोर बसलेल्याला रस्सा कळतो. म्हणून आमची वाटणी साधी आहे: शनिवार त्याचा, रविवार माझा. बहीण-भावांत हे बरं असतं, मन राखत बसावं लागत नाही. नवऱ्याबरोबर हीच वाटणी करायला गेले असते तर आठवडाभर अबोला धरला असता.

आणखी एक नियम आम्ही पाळतो. ज्यानं ठिकाण निवडलं, बिल त्यानं द्यायचं. दुसऱ्यानं पान खाऊन होईपर्यंत नाव ठेवायचं नाही. पैसे आपल्या खिशातून जाणार म्हटल्यावर माणूस निवडताना दहा वेळा विचार करतो.

विचारायचं कसं

ज्याला विचाराल तो एका जागी बसणारा असावा. पानटपरीवाला, औषधाच्या दुकानातला, लॉजचा रात्रपाळीचा वॉचमन, लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी विकणारी बाई. यांना तुम्हाला कुठं पाठवून काही मिळायचं नसतं. आणि प्रश्न असा हवा की त्यांना स्वतःचं खाणं आठवावं.

शाहूपुरीतल्या एका टपरीवर मी पान लावून घेत होते. विचारलं, "मामा, मटण खायला तुम्ही कुठं जाता?" अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता, वर न बघता म्हणाले, "घरी करतो की. बाहेर कशाला जाईल कोण?" हे उत्तर तुम्हाला जवळजवळ प्रत्येकजण देणार. इथं थांबायचं नाही. खरा प्रश्न दुसरा. "आणि अचानक पावणं आलं तर?" अडकित्ता थांबला. "मग डबा घिऊन जायाचं," असं म्हणत त्यांनी बोटानं हवेत गल्ली काढून दाखवली. हितनं सरळ, पिठाच्या गिरणीपासनं डावीकडं, पाटी नाही, जिना दिसंल. वर सांगितलं, "एकच्या आत जावा. मटण संपलं की शटर वढतोय त्यो."

पाटी नव्हतीच. वरच्या खोलीत पाच-सहा टेबलं, आत चुलीवर भाकरी थापणाऱ्या दोघी, आणि जिन्यात स्टीलचे डबे नि किटल्या घेतलेली माणसं उभी. बसणाऱ्यांपेक्षा डबा नेणाऱ्यांची रांग मोठी असेल तर डोळे मिटून आत शिरा. डबा घेऊन येणारा माणूस घरी जाऊन बायकोच्या, आईच्या हातच्या रश्शाशी तुलना करणार असतो, त्याला फसवून चालत नाही.

शाकाहारी ठिकाणासाठी हाच प्रश्न थोडा फिरवायचा: "घरात कार्य असलं, लोकांना जेवायला घालायचं असलं तर आचारी कुठला, नाहीतर ताटं कुठनं मागवता?"

फोनवर शोधायचं असेलच तर

शोधा, पण चांदण्या मोजू नका. 'नवे आधी' लावा आणि लोकांनी काढलेले फोटो बघा, हॉटेलनं टाकलेले नव्हे. फोटोंत निम्मं नूडल्स आणि पनीर असेल तर पुढं चला. 'गर्दी फार', 'बसायला जागा नाही', 'सर्व्हिस उर्मट', 'मेनूत चारच पदार्थ' या तक्रारी मी कौतुकात धरते. 'रस्सा पातळ होता' असं लिहिणाऱ्याला रस्सा पातळच असतो हे ठाऊक नाही, त्याचं सोडून द्या. पण 'मटण वातड', 'भाकरी गार', 'दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर कोमट आणला' असं दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर तिथं जाऊ नका. इंग्रजीतल्या दहा ओळींपेक्षा मराठीतली 'रस्सा एक नंबर, पार्किंगची बोंब' ही एक ओळ जास्त कामाची. पार्किंगची बोंब मात्र खरी असते. महाद्वार रोड आणि देवळाच्या आसपास गाडी नेऊच नका, बिंदू चौकाच्या बाजूला लावा आणि चालत फिरा. चालल्याशिवाय पुढचं पचणारही नाही.

शनिवार, म्हणजे त्याचा दिवस

तो महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरतो आणि दात घासायच्या आधी मिसळीचं विचारतो. मिसळ हा आमच्या दोघांमधला पूल, तिथं काही वाटाघाटी लागत नाहीत. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे मिसळ सगळ्यांना ठाऊक आहे, तिची रांगही. कसबा बावड्याची बावडा मिसळ आहे, खासबागेची आहे, आणि प्रत्येक पेठेत आपापली एक आहे, जिच्यावरून पेठेतली माणसं भांडतात. जिथं राहाल तिथल्या गल्लीतली चाखून बघा, तीही पुरते. वेळ सकाळची, उशिरात उशिरा साडेदहा.

इथली मिसळ पुण्याच्या सवयीनं खाऊ नका. सोबत ब्रेडचे जाड स्लाइस येतात. खाली मटकीची उसळ, बटाटा, वर फरसाण, कांदा, आणि त्यावर कट, म्हणजे तिखट रस्सा. मागताना 'कट वेगळा द्या' म्हणायचं. वाटीतला कट आधी चमच्यानं नुसता प्यायचा. जिभेला फक्त जाळ लागला आणि मागं काहीच उरलं नाही तर त्यात मिरचीपूड आहे, मसाला नाही. चांगल्या कटात आधी कांदा-लसणाची चटणी लागते, मग भाजलेलं खोबरं, आणि तिखट सगळ्यात शेवटी, घशाजवळ. चटणी म्हणजे इथं तोंडीलावणं नव्हे, वर्षाचा कांदा-लसूण मसाला. प्रत्येक घराची वेगळी, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली.

दुपारी पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर. शाकाहाऱ्यासाठी कोल्हापूर परिसरातलं सगळ्यात खरं जेवण मला तिथं गडावरच्या झुणका-भाकरीत दिसतं. तीन दरवाजाच्या बाजूला बायका बसलेल्या असतात. झुणका, खर्डा म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, दही, आणि डोळ्यांसमोर थापलेली ज्वारीची भाकरी. इथं निवडायचं कसं? ज्या बाईच्या तव्यावर भाकरी आहे तिच्याकडं बसा, जिच्या टोपलीत रचलेल्या आहेत तिच्याकडं नको. खर्डा आधी नखाएवढा घ्या. माझा भाऊ दरवेळी बोटभर घेतो आणि दरवेळी दह्याचं दुसरं मडकं मागवतो.

शहरातच जेवायचं असेल तर माळकऱ्यासाठी 'व्हेज मिळेल का?' हा प्रश्न बिनकामाचा आहे. कोण नाही म्हणणार? विचारायचं ते असं: 'चूल वेगळी आहे का? पळ्या, पातेली वेगळी?' हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही व्हेज हंडी मागवली. भावाला वासाचा संशय आला. वेटरला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "फोडी न्हाईत बघा त्यात, नुसता रस्सा घेतलाय." त्याच्या लेखी ते शाकाहारीच होतं. तेव्हापासून शाकाहारी ताट घ्यायचं ते पूर्ण शाकाहारी ठिकाणीच. तिथंही अख्खा मसूर, भरलं वांगं, पिठलं यातलं काहीतरी आज केलंय का ते विचारा, आणि 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी असेल तर हात जोडा. ती लाल ग्रेव्ही देशभर आमच्या गावाच्या नावावर खपते, आमच्या घरांत मात्र कधी शिजली नाही. काही शाकाहारी हॉटेलांत बिनमटणाचा तांबडा-पांढरा रस्सा मिळतो. भावाला आवडतो. मी बिल देणार नसेन तर मलाही आवडतो.

संध्याकाळी खासबाग. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, आणि त्याच्या आसपास भेळेच्या गाड्या. राजाभाऊंची भेळ इथलीच. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४च्या ऑगस्टमध्ये जळालं. कॉलेजात असताना तिथं नाटक बघून मग भेळ खायची हा ठरलेला क्रम होता, त्यामुळं त्या बाजूला गेलं की घास थोडा जड होतो. भेळ मागताना चिरमुरे म्हणा, मुरमुरे म्हटलंत की भाव नाही पण नजर बदलते. कोरडी की ओली ते आधी सांगा, आणि उभ्यानंच खा. पाच मिनिटांत चिरमुरे बसतात.

रात्री गंगावेशीचा दूधकट्टा. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, समोर धार काढून फेसासकट पेल्यात. गंगावेस तालमीच्या पैलवानांच्या पोटाला हे दूध साधं वाटतं, आपल्या पोटाचं आपण ओळखावं. हे कच्चं दूध आहे. लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नये, आणि मटणाच्या रात्री कुणीच घेऊ नये. मी निम्मा पेला घेते, उरलेला भाऊ संपवतो.

रविवार, म्हणजे माझा

रविवारी नाष्टा हलका. लोणी डोसा फार तर. साडेबाराला मला मटणाच्या ताटावर बसायचं असतं, त्याच्यानंतर रांग लागते आणि दोननंतर सुक्कं मटण संपलेलं असतं.

भाऊ येत नाही. सुरुवातीला तो समोर पाणी पीत बसायचा आणि मी लाजून भरभर खायची. आता सरळ फारकत घेतो. तो तासभर न्यू पॅलेस बघतो किंवा अंबाबाईच्या रांगेत पुन्हा उभा राहतो, मी एकटी जेवते. एकट्या बाईला खानावळीत बहुतेक ठिकाणी 'फॅमिली'त बसा म्हणतात, म्हणजे पडद्यामागं. बसायचं नसेल तर ठामपणे 'हितंच बसते' म्हणा, कुणी वाद घालत नाही. मी बाहेर बसते. तिथं वाढपी जास्त वेळा फिरतो.

ताट आलं की मटणाला हात लावू नका. आधी पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून प्या. का ते सांगते. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते भरपूर पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला आम्ही अळणी म्हणतो. घरात पोरांना तिखटाच्या आधी हाच अळणी रस्सा भातावर देतात. त्याच अळणीचे पुढं दोन भाग होतात. एकात नारळाचं दूध, वाटलेले तीळ-खसखस-काजू आणि खडा मसाला, तो पांढरा. दुसऱ्यात चटणी, भाजलेलं खोबरं आणि कांदा, तो तांबडा. तांबड्यात चटणी सगळं झाकून घेते. पांढऱ्यात लपायला जागा नसते. मटण शिळं असेल, अळणीत पाणी वाढवलं असेल, ते पहिल्या घोटात कळतं. पांढरा पातळ हवा, पिता यायला हवा, ओठाला किंचित चिकटायला हवा. चमचा उभा राहील इतका दाट असेल तर त्यात पीठ नाहीतर काजूची पेस्ट ओतलेली असते. फुटून वर कण तरंगत असतील तर नारळाचं दूध घालून मग उकळलंय, म्हणजे आत घाई चालली आहे.

पांढरा जमलेला असला की बाकीचं आपोआप बरं निघतं. मग भाकरी कुस्करून तांबड्यात, सुक्कं बाजूला पुरवून पुरवून, आणि शेवटी भातावर पुन्हा पांढरा. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात, मटण मोजून असतं. त्यामुळं 'एका ताटात दोघांनी जेवू नये' अशी पाटी असते, ती गंमत नव्हे. दोघंही मटण खाणारे असाल तर एक मटण ताट आणि एक खिमा किंवा अंड्याचं असं घेऊन अदलाबदल करा. वाढपी बघून न बघितल्यासारखं करतो, फार वेळा न केलंत तर.

जेवणानंतर आम्ही पुन्हा एकत्र येतो ते आइस्क्रीमला. सोळंकी किंवा इम्पिरियल, आणि घ्यायचं ते कॉकटेल. नावाला घाबरू नका, दारूचा थेंब नसतो. फळं, जेली, सुकामेवा आणि दोन-तीन चवींचं आइस्क्रीम एकात. माळकरी आणि मटणवाली एकाच चमच्यानं खाऊ शकतात असा गावातला हा एक पदार्थ, आणि इथंच कुणी किती खाल्लं यावरून आमचं खरं भांडण होतं.

घरी काय न्यायचं

हिवाळा असेल तर नवा गूळ. चटणी ओळखीतून मिळाली तर घरची, नाहीतर आधी वास घेऊ देईल त्या दुकानातली. पांढरा रस्सा पार्सल नेऊ नका, नारळाचं दूध एस.टी.च्या उकाड्यात पुण्यापर्यंत टिकत नाही. तांबडा नेता येतो, पण डबा स्वतःचा, घट्ट झाकणाचा न्या. पिशवीला रबरबँड लावून दिलेला रस्सा कराडच्या आधी सुटतो. आणि स्टँडपर्यंत तो डबा कुणाच्या पिशवीत जाणार हे खानावळीतच ठरवून टाका. माळकऱ्याच्या पिशवीत ज्ञानेश्वरी असते.